भांडेवाडीची रात्रपाळी

नाव बरोबर आहे या जागेचं.
सबंध नागपूरची भांडी
रात्री माझ्याकडे येऊन पडतात.

जाळीजवळ उभं राहिलं की कळतं
शहर काय जेवलं.
रविवारी तर्री येते, सावजी, लालभडक,
दिव्याखाली पाण्यावर चमकत राहते
जरीच्या काठासारखी.
(बाप विणकर होता, गोळीबार चौकातला.
माग विकला त्यानं, पण काठ ओळखायची सवय
माझ्या डोळ्यांत ठेवून गेला.)
सोमवारी नुसता साबण.
एकदा कुणाचं तरी जोडवं आलं, एकच.
ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.
कुणी विचारायला येईल म्हणून नाही.

मारबतीला सारं शहर ओरडतं,
खोकला घेऊन जा, डास घेऊन जा,
महागाई घेऊन जा गे मारबत!
मीही ओरडले आहे, बापाच्या खांद्यावर बसून.
तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं
की घेऊन जायला दुसरी जागाच नसते.
सगळं उताराउतारानं इथे येतं
आणि मी, हेडाऊंची गोदावरी,
ते बाटलीत धरून उजेडासमोर पाहते.

टाक्यांत हवा सोडली की पाणी धापा टाकतं.
तळाशी कोट्यवधी बारके जीव जेवायला बसतात,
कुरकुर न करता,
आपण टाकलेलं सगळं.
पहाटेकडे पाणी निवळतं.
प्यायच्या लायकीचं नाही, कामाला जायच्या लायकीचं.
मोठ्या पाइपातून ते कोराडीला निघतं,
तिथल्या तापलेल्या यंत्रांना अंघोळ घालतं,
आणि आमच्या खोलीत परततं
कूलरच्या पंख्याची घरघर होऊन.
राखही परतते. महादुल्याला आईच्या गच्चीवर
अंबाडी तीन पाण्यांतून धुवावी लागते.
तिसरं पाणी ती झाडांना देते.
पहिली दोन माझ्याकडे येतात.

मे महिन्यात तपासणीला पाइपाच्या कडेनं गेले होते.
एका वस्तीत पाइपाला कान लावून
बसली होती म्हातारी.
सयत्राबाई नाव सांगितलं तिनं.
"ह्याच्यातून पाणी जाऊन रायलं न वो?"
हो.
"मंग आमच्या नळाले काहून नाही?"
हे प्यायचं नाही, आजी.
"प्याले कोण मांगते?
टिनावर वेल चढवीन म्हन्तो.
पोट्टं निजते खालतं. भाजून रायलं."

माझ्या हातात आकड्यांचा तक्ता होता.
त्यात या प्रश्नाचा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर
वीस लिटरचा कॅन स्कूटीवर पायांमध्ये धरून
मी गेले. नियमात बसतं का, विचारलं नाही.
मग दर दोन दिवसांनी.
पारडीच्या चढावर कॅन डचमळायचा,
सलवार घोट्यापर्यंत ओली,
आणि मला वास यायचा, किंवा वाटायचा.

दोडका चढायला दीड महिना लागला.
तोवर ऊनच उतरलं होतं, खरं सांगायचं तर.
या वर्षी तिचा वेल वेळेवर पोचला नाही.
पण पानं टिनाच्या कडेवर हात टेकून उभी होती,
आणि सयत्राबाईनं खालून बोट दाखवलं,
"त्या कोपऱ्यात निजवतो आता त्याले."
एवढा कोपरा. उशीएवढा.

निघताना दोन दोडके दिले पदराआडून.
घरी शिरा काढल्या, धुतले, चण्याची डाळ घालून केले.
ताट विसळलं.

त्या रात्री जाळीजवळ
मी जरा जास्तच वेळ वाकून उभी राहिले.
साहेबांनी विचारलं, काही अडकलं का?
नाही म्हटलं.
येईल इतक्यात.